कुत्र्याचा पाय पत्र्यानं कापलाय, घरी काय करू?

गंजका पत्रा लागून पुढच्या पायाला अर्धा इंच काप गेलाय, रक्त थांबलंय, आता हळद भरू का आणि धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल का, असं तुम्ही विचारलंय. हळद भरू नका. कुत्र्यांना धनुर्वात फार क्वचित होतो, त्यामुळे आपल्यासारखं टीटी त्यांना सहसा देत नाहीत. अशा जखमेत खरं काम करतं ते भरपूर धुणं. मलम नंतर.

आधी तोंड बांधा. एरवी मांडीवर झोपणारं कुत्रंही दुखऱ्या जागेला हात लागला की चावतं. गॉजची पट्टी नाकाडाभोवती गुंडाळा, हनुवटीखाली एक गाठ द्या आणि दोन्ही टोकं कानांमागे नेऊन सुटगाठ मारा. धाप लागली असेल, उलटी होत असेल किंवा पगसारखं चपट्या नाकाचं असेल तर मात्र बांधायचं नाही.

जखमेवर ओलं गॉज ठेवून भोवतीचे केस बोथट कात्रीनं कापा, म्हणजे ते आत पडत नाहीत. मेडिकलमधून नॉर्मल सलाईन आणि 20 मिलीची सिरिंज आणा. सुई न लावता तिरक्या धारेनं किमान 200 मिली सोडा, माती आणि गंजाचे कण दिसेनासे होईपर्यंत. सलाईन नसेल तर लिटरभर उकळून कोमट केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण दीड छोटा चमचा. मग 10 टक्क्यांचं बीटाडीन 100 मिली पाण्यात 5 मिली. रंग फिक्या कोऱ्या चहासारखा यायला हवा. दोन-तीन मिनिटं राहू द्या आणि गॉजनंच टिपा. कापसाचे धागे जखमेत चिकटतात.

डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यांनी जंतूंबरोबर नवी पेशीही मरते आणि जखम रेंगाळते. हळद, चुना, राख यांची वर खपली धरते आणि खाली पू साचतो. बोरोलीनमध्ये झिंक ऑक्साइड असतं, ते चाटून पोटात जाणं वाईट. आणि दुखतंय म्हणून क्रोसिन, कॉम्बिफ्लाम अजिबात देऊ नका! आयब्युप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो, किडनी जाते.

चाटल्यानं जखम बरी होते हे खरं नाही. चाटून चाटून ती ओली राहते, चिघळते. गळ्यात कोन, म्हणजे चाटता येऊ नये म्हणून असलेली शंकूसारखी कॉलर, घाला, रात्रीसुद्धा.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर खरी भीती माशीची. कोल्हापूरच्या पावसात पाय दिवसभर ओला राहतो, माशी कडेला अंडी घालते आणि दिवसभरात अळ्या होतात. म्हणून जखम सकाळ-संध्याकाळ उजेडात बघा. कडेला पांढरट बारीक गठ्ठा दिसला किंवा कुजका वास आला तर टर्पेंटाईन, पेट्रोल ओतत बसू नका, थेट दवाखाना. रंकाळ्यावर किंवा उसाच्या फडाकडे फिरायला नेणार असाल तर तेवढ्यापुरती पायाला प्लास्टिकची पिशवी बांधा आणि घरी आल्यावर लगेच सोडा.

पट्टी बांधायचीच असेल तर बोटांच्या मधे कापूस घाला आणि मधल्या दोन बोटांची टोकं बाहेर ठेवा. त्यांची नखं फाकली किंवा बोटं गार लागली तर पट्टी आवळली आहे, लगेच सोडा. रोज बदला, भिजली तर तेव्हाच.

काप फाकत असेल, आतलं मांस दिसत असेल, दहा मिनिटं सलग दाबूनही रक्त थांबत नसेल किंवा कुत्रं पाय टेकत नसेल तर डॉक्टरांकडे न्या. टाके लागणार असतील तर सहा-आठ तासांत गेलेलं बरं. दोन दिवसांनी सूज किंवा पू वाढला तरीही न्या.

हे सगळं कापलेल्या जखमेचं. दुसऱ्या कुत्र्यानं चावलं असेल तर भोक बारीक दिसलं तरी घरी थांबू नका. आत दात खोल गेलेला असतो, आणि लस झालेली असली तरी रेबीजचा बूस्टर लागतो. अशी जखम हातमोजे घालूनच हाताळा. लाळ तुमच्या हातावरच्या ओरखड्याला लागली तर साबणानं वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, जाऊन दाखवा.