शिकारीसाठी कस्टम रायफल बनवून घेतोय. कॅलिबर कोणतं ठेवू?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: मुख्यतः हरीण आणि रानडुक्कर, दोन-तीन वर्षांतून एखाद्या वेळी एल्क (अमेरिकेतलं मोठ्या अंगाचं हरीण). अंतर बहुतेकदा दोनशे मीटरच्या आत, क्वचित तीनशे. यादीत .३०८ विंचेस्टर, ६.५ क्रीडमूर, ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम (मॅग्नम म्हणजे जास्त दारूचं, जोरदार काडतूस). आणि शेवटी, "पैसे एकदाच घालायचेत, तर दमदारच घ्यावं म्हणतो." परवाना आहे आणि शिकार कायदेशीर आहे हे धरून चालतो. "दमदारच घ्यावं" हे वाक्य मीही एकदा बोललो होतो, आणि त्या वाक्यापायी एक चांगली रायफल हातची गेली.

मी .३०० विंचेस्टर मॅग्नम घेतली होती. डोंगरात वाहायची म्हणून नळी बारीक, दस्ता हलका, स्कोप धरून जेमतेम तीन किलो. कागदावर झकास. रेंजवर पहिल्या तीन गोळ्या एकमेकींना चिकटून, मग पसारा. मला वाटलं नळी तापते. त्या हंगामात सव्वाशे मीटरवर आडवं उभं असलेलं हरीण मिळालं, याहून सोपा नेम नाही, आणि माझी गोळी पोटात लागली. अडीच तास रक्ताचा माग काढत फिरलो. जनावर सापडलं, पण ती दुपार अजून आठवते.

नंतर एका जुन्या शिकारी मित्राने रेंजवर मला पाठमोरं उभं केलं आणि म्हणाला, काडतूस मी भरतो, तू फक्त मार. पहिल्या तिन्ही खेपेला धडाका. चौथ्या वेळी त्याने डमी, म्हणजे दारू नसलेलं नकली काडतूस घातलं होतं. मी चाप ओढला, नुसतं 'खट्' झालं, आणि नळीचं तोंड चार बोटं खाली गेलं. धक्का बसायच्या आधीच माझा खांदा पुढे सरकला होता आणि डोळे मिटले होते. तो हसला नाही. "नळी नाही तापत, तू घाबरतोस," एवढंच म्हणाला.

म्हणून तुमच्या यादीकडे मी आधी खांद्याच्या बाजूने बघतो. साधारण साडेतीन किलोच्या रायफलमध्ये ६.५ क्रीडमूरचा धक्का सुमारे १७ ज्यूल, .३०८ चा २४ च्या आसपास, .३०० मॅग्नमचा ३५ च्या पुढे. वजन कमी करत गेलात की हा आकडा त्याच प्रमाणात चढतो, म्हणजे हलकी रायफल आणि मॅग्नम ही जोडी मुळातच एकमेकांच्या विरोधात आहे. "मझल ब्रेक (नळीच्या तोंडाला लावायचा, वायू बाजूला सोडणारा भोकांचा तुकडा) लावू की," असं कोणीतरी सांगेल. लावा, धक्का खरंच कमी होतो. पण आवाज एवढा वाढतो की कानाला संरक्षण न लावता मारलेली एक गोळीही महाग पडते, आणि शेजारी उभा असलेला माणूस तुम्हाला शिव्या देतो.

आता ती रायफल हातची का गेली ते सांगतो, कारण कस्टम बनवणाऱ्याला हे आधी कळायला हवं. मला वाटलं, नळी बदलून .३०८ करून घेऊ. गनस्मिथने, म्हणजे बंदुका बनवणाऱ्या कारागिराने, बोल्ट (काडतूस मागून धरून नळी बंद करणारा दांडा) हातात घेऊन दाखवला. .३०८, .३०-०६, .२७०, ६.५ क्रीडमूर, ७ एमएम-०८, .२४३ या सगळ्या काडतुसांचं बूड सुमारे १२ मिलिमीटरचं. मॅग्नमचं साडेतेरा. बोल्टचं तोंड त्या मापाचं असतं. मोठ्या तोंडात छोटं काडतूस नीट धरलंच जात नाही. नवा बोल्ट, नवं मॅगझिन, नवी नळी असा हिशोब मांडल्यावर विकून टाकणं स्वस्त पडलं. उलट, साध्या बोल्टच्या रायफलला पुढे कधी कंटाळा आला तर नुसती नळी बदलून त्या कुटुंबातलं दुसरं काडतूस करता येतं, फक्त लांबी बसायला हवी.

लांबीचं थोडक्यात. .३०८ आणि ६.५ क्रीडमूर शॉर्ट ॲक्शनमध्ये (ॲक्शन म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो तो रायफलचा मधला भाग) बसतात, काडतुसाची पूर्ण लांबी सुमारे ७१ मिलिमीटर. .३०-०६ आणि तुमची दोन्ही मॅग्नम लाँग ॲक्शनची, सुमारे ८५. शॉर्ट ॲक्शन थोडी हलकी आणि आखूड होते. यावरून भांडणारे लोक आहेत, मी त्यांच्यातला नाही.

एक घोळ इथेच मिटवतो. 'कॅलिबर' हे गोळीचं आणि नळीचं माप, काडतूस ही वेगळी गोष्ट. .३०८ विंचेस्टर, .३०-०६ आणि .३०० मॅग्नम तिन्हींतून ७.८२ मिलिमीटर व्यासाचीच गोळी जाते. फरक मागच्या दारूचा. १९०६ ची .३०-०६ आणि १९५२ ची .३०८ यांच्यात साध्या वजनाच्या गोळीला वेगाचा फरक थोडाच पडतो. जनावराला तर तो कळतही नाही.

मग अंतराचं काय? लोक तक्ते घेऊन बसतात. दोनशे यार्डांवर झीरो केलेली (म्हणजे तिथे नेमकी नेमावर लागेल अशी स्कोप जुळवलेली) .३०८ आणि ६.५ क्रीडमूर तीनशे यार्डांवर किती खाली पडतात हे बघितलं, तर दोघींत दोन-चार सेंटिमीटरचा फरक. हरणाचं हृदय-फुप्फुसांचं क्षेत्र वीत-दीड वीत रुंद असतं. वाऱ्यात ६.५ खरंच सरस आहे, तिची गोळी लांब आणि निमुळती. पण हा फायदा चारशे-पाचशे मीटरच्या पुढे जाणवायला लागतो, आणि तुम्ही स्वतःच तीनशे लिहिलंय. मॅग्नम घेण्याचं खरं कारण म्हणजे लांबवर मोठं जनावर. नियमितपणे चारशेच्या पुढे एल्क मारणारा माणूस असाल तर ७ एमएम मॅग्नमवर मी बोट ठेवलं नसतं.

कुठल्या काडतुसाने मारलं यापेक्षा कुठल्या गोळीने मारलं याला मी जास्त महत्त्व देतो. हरणासाठी लवकर फुलणारी, म्हणजे लागताच पसरून रुंद होणारी मऊ गोळी चालते. तीच एल्कच्या खांद्याच्या हाडावर गेली तर आत पोचायच्या आधीच तिचे तुकडे होतात. तिथे बाँडेड (बाहेरचं कवच आतल्या शिशाला घट्ट जोडलेली) किंवा पूर्ण तांब्याची गोळी हवी. .३०८ मध्ये १६५ ते १८० ग्रेनची अशी गोळी, अंतर तुम्ही सांगता तेवढं, तर एल्कला पुरते. (ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. १८० ग्रेन म्हणजे सुमारे ११.७ ग्रॅम.) हे वाचून कोणीतरी आफ्रिकेतला जुना हत्ती-शिकारी कारामोजो बेल याचं नाव काढेलच, की त्याने ७ एमएम माउझरने हत्ती मारले. मारले. पण त्या न फुलणाऱ्या घन गोळ्या होत्या, मारणारा बेल होता आणि हत्तीची कवटी त्याला आतून-बाहेरून माहीत होती. त्याच्या भरवशावर आपण लहान काडतूस घ्यायचं नाही.

तांब्याचं म्हणालो, त्याला एक शेपूट आहे. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, आणि लांब गोळीला स्थिर ठेवायला नळीतला पीळ (गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचा) जास्त घट्ट लागतो. ६.५ क्रीडमूरला ८ इंचांत एक फेरा हे प्रमाण असतं, तिथे काळजी नाही. .३०८ च्या नळ्या १२ इंचांत एक फेरा असलेल्याही मिळतात, तुम्ही १० इंचांत एक फेरा असलेलीच मागा. कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही, डेन्मार्कने रायफलच्या शिशाच्या गोळ्या २०२४ मध्ये बंद केल्या. तुमच्याकडे आज बंदी नसली तरी नळी वीस वर्षं टिकणार आहे.

कायद्याची खालची मर्यादाही बघून घ्या. जर्मनीत लाल हरणासारख्या मोठ्या शिकारीला किमान ६.५ मिलिमीटर आणि १०० मीटरवर २००० ज्यूल लागतात. इंग्लंडमध्ये बहुतेक हरणांना .२४० इंच आणि नळीच्या तोंडाशी १७०० फूट-पौंड ऊर्जा. तुमच्या यादीतली चारही यातून पास होतात, .२२३ सारखी छोटी काडतुसं नाहीत.

माझं उत्तर: .३०८ विंचेस्टर, २२ इंची नळी, १० चा पीळ, स्कोपसकट वजन पावणेचार किलोच्या खाली नको. खांदा कुरकुरत असेल किंवा रायफल घरातलं दुसरं कोणी वापरणार असेल तर ६.५ क्रीडमूर, फक्त एल्कला अंतर कमी ठेवा. मी आता स्वतः ७ एमएम-०८ वापरतो, म्हणजे .३०८ चंच काडतूस, बारीक गोळीसाठी मान आवळलेलं, आणि खूश आहे. तरी तुम्हाला तिची शिफारस करत नाही, कारण काडतुसं. २०२०-२१ मध्ये अमेरिकेतली कपाटं रिकामी झाली तेव्हा माझ्यासारखे लोक उरलेल्या दोन-तीन डब्या पुरवून पुरवून वापरत होते. .३०८ त्या मानाने जास्त ठिकाणी, जास्त लोक बनवतात.

गनस्मिथकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. जी गोळी वापरायचं ठरवलंय तिची काडतुसाची एक डबी घेऊन जा. त्याच्यावरून तो चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं त्या मागच्या भागाच्या) पुढचा घसा आणि मॅगझिनची लांबी जुळवून बघेल. आणि चेंबर कारखान्याच्या प्रमाण मापाचंच पाहिजे असं स्पष्ट सांगा. काही गनस्मिथ अचूकतेच्या हौसेने मान घट्ट ठेवतात. टार्गेट रायफलला ते शोभतं, पण शिकारीत चिखल लागलेलं बाजारचं काडतूस आत जाताना अडलं की तिथेच हंगाम संपतो.