वडिलांना तोंडाचा कॅन्सर आहे, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय. खेड्यात दुखणं आणि जखम कशी सांभाळायची?

तुम्ही लिहिलंय की गाव जालना जिल्ह्यात आहे, वडिलांच्या नाकात नळी आहे, गालावर उघडी जखम आहे आणि ते रात्रभर कण्हत असतात. आधी दुखणं हातात घ्या. ते शमल्याशिवाय आंघोळ, जेवण, झोप यातलं काहीच जमत नाही. आणि बहुतेकांचं दुखणं घरच्या घरी शमवता येतं.

गावातल्या दवाखान्यात रोज डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन देत राहू नका. आराम काही तासांचाच, आणि किडनी व पोट दोन्ही बिघडतात. एवढ्या दुखण्याला मॉर्फिनच्या गोळ्या लागतात. त्या साध्या मेडिकलवर मिळत नाहीत. बायोप्सी रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि आधार घेऊन छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जा, किंवा जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांची चौकशी करा. पुढच्या वेळी वडिलांना न नेता गोळ्या मिळतील का, घरी नर्स येते का, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

डोस डॉक्टर ठरवतील, पण गोळी घड्याळ बघून द्यायची, कळ येण्याची वाट बघत बसायचं नाही. साध्या मॉर्फिनचा असर सुमारे ४ तास राहतो, म्हणून वेळा बहुधा सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १० अशा असतात. रात्री १०चा डोस पुष्कळदा दुप्पट लिहितात, म्हणजे २ वाजता उठवावं लागत नाही. मध्येच कळ आली तर जादा गोळी किती द्यायची, ते कागदावर लिहून आणा. नळीतून देताना गोळी बारीक कुटून पाण्यात कालवा आणि मागून ३० मिली पाणी सोडा. पाकिटावर ‘एसआर’ लिहिलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी मात्र कधीच कुटू नका. १२ तासांचं औषध एकदम अंगात जातं.

पहिल्या दिवसापासून सोबत पोट साफ होण्याची गोळी हवीच, बिसाकोडिल किंवा सेना. मळमळ आणि गुंगी काही दिवसांत ओसरते, मलावरोध ओसरत नाही. कितीतरी घरांत याच त्रासापायी मॉर्फिन सोडून देतात. नातेवाईक ‘सवय लागेल’ म्हणतील. दुखण्यासाठी, ठरल्या मात्रेत घेणाऱ्याला व्यसनाची भीती फार कमी असते. ते ऐकून गोळी बंद करू नका. एकदम थांबवली तर फार हाल होतात. पण हलवूनही जागे होत नसतील किंवा श्वास मिनिटाला ८च्या खाली गेला, तर पुढचा डोस न देता लगेच दवाखाना गाठा. आणि सलग २ रात्री झोप मोडली तर दवाखान्याच्या पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका, डोस वाढवून घ्या.

जखमेसाठी अर्धा लिटर पाण्यात चहाचा १ सपाट चमचा मीठ टाकून उकळा, गार करा आणि त्यानं रोज धुवा. वास येत असेल तर डॉक्टरांना विचारून मेट्रोनिडाझोलच्या गोळीची पूड जखमेवर भुरभुरा, वर व्हॅसलीन लावलेली गॉज ठेवा. कोरडी गॉज चिकटते आणि काढताना रक्त येतं. दिवसासुद्धा मच्छरदाणी लावा. माशी बसली की अळ्या पडतात. अळ्या दिसल्या तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या, फिनेल किंवा पेट्रोल ओतू नका.

नळीतून ज्वारीची आंबील, वरणाचं पाणी, दूध चालतं, पण कापडातून गाळून; नाहीतर नळी तुंबते. देताना आणि नंतर अर्धा तास पाठीला गाद्या लावून बसवलेलं ठेवा. दर २ तासांनी कूस बदला. हवेची गादी आणली तरी हे चुकत नाही, आणि लाईट गेली की तिचा पंप बंदच. उन्हाळ्यात प्लास्टिकवर जुनं धोतर अंथरा, घामानं कातडी सोलते.

एक तयारी आजच करा. गालाच्या जखमेतून कधीकधी एकदम जोरात रक्त येतं. उशाशी गडद लाल टॉवेल ठेवा, म्हणजे रक्त कमी दिसतं आणि वडील घाबरत नाहीत. रक्त आलं तर त्यांना कुशीवर वळवा, टॉवेल घट्ट दाबून धरा, एकानं हात धरून जवळ बसा. तेव्हा कोणती गोळी द्यायची आणि १०८ला बोलवायचं की घरीच ठेवायचं, हे डॉक्टरांशी आणि वडिलांशी आधीच बोलून ठरवा.