आधी झोपेचं बघू

प्रिय बाळा,

ऐरोलीहून रात्रपाळी संपवून ठाण्याची लोकल पकडतेस, वर्तकनगरला घरी येऊन पडदे ओढून पडतेस आणि दुपारचा एक वाजला तरी डोळ्याला डोळा लागत नाही. सुट्टीच्या दिवशीही तेच. कशात मन रमत नाही, जेवण जात नाही. आणि पत्राच्या शेवटी विचारतेस, ‘मी आळशी झालेय का गं मावशी?’

नाही. असं सगळं दोन आठवडे सलग टिकलं तरी डॉक्टर नैराश्य आहे का ते तपासतात. तुझं तर गणपतीपासून चाललंय. घरचे सांगतात तसं ‘मोबाईल ठेव आणि लवकर झोप’ म्हणून हे सुटणारं नाही.

तू ओझरतं लिहिलेलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. जिन्यावर बाबांची चप्पल घासत आली की पिऊन आलेत हे तुला कळायचं आणि तू धाकट्याला घेऊन गॅलरीत जायचीस. सात-आठ वर्षांची पोर रोज रात्री असा पहारा देत होती. धोका जाणवला की शरीरात कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, छाती धडधडते. धोका टळला की सगळं उतरतं. पण लहानपणी वर्षानुवर्षं धोका टळतच नाही, तेव्हा अनेकांचं शरीर पुढे क्षुल्लक कारणानेही सावध होत राहतं. टीम लीडरचा नुसता ‘फोन कर’ असा मेसेज आला की तुझ्या पोटात गोळा येतो ना? आणि सावध शरीराला गाढ झोप लागत नाही.

अमेरिकेत 1998 साली व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी बालपणातल्या अशा अनुभवांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातली बहुतेक माणसं आरोग्यविमा असलेली, मध्यमवर्गीय होती, ‘आमच्यासारख्यांच्या घरात असलं काही नसतं’ म्हणणारी. घरातली दारू, मारझोड, छळ असे प्रकार जितके जास्त वाट्याला आलेले, तितकं मोठेपणी नैराश्याचं प्रमाण जास्त निघालं. पण हा हजारो माणसांचा हिशोब आहे, तुझं भविष्य नव्हे. तसं बालपण असूनही कित्येकांना नैराश्य येत नाही, आणि लाडात वाढलेल्यांनाही येतं.

तुला कुणीतरी सांगेल की आधी ते जुनं सगळं बाहेर काढ, मग झोप आपोआप लागेल. मला हे पटत नाही. झोपेविना थकलेल्या माणसाला जुन्या जखमा उकरायला लावू नये. निद्रानाश हे नैराश्याचं नुसतं लक्षण मानलं जायचं. पण नैराश्य नसलेल्या, फक्त झोप न लागणाऱ्या लोकांवरचे अभ्यास 2011 मध्ये एकत्र तपासले, तेव्हा त्यांना पुढे नैराश्य येण्याची शक्यता साधारण दुप्पट दिसली. म्हणून आधी झोपेचं बघू. बाबांचं नंतर, तुझ्या गतीने, कुणाच्या तरी सोबतीने.

पाळी बदलत असेल तर एकच मागून घे, शक्यतो दिवसाची. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ते सोपं जातं. रात्रपाळी आहे तोवर पहाटे दोननंतर चहा नको. पलंग फक्त झोपेसाठी. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बस, पेंग आली की परत ये. कधीही झोपलीस तरी उठायची वेळ ठरलेलीच ठेव. यालाच धरून निद्रानाशावर समुपदेशनाची एक पद्धत आहे आणि जुनाट निद्रानाशात गोळीच्या आधी तीच सुचवतात. मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या आपल्या मनाने आणू नकोस.

डॉक्टरांकडे मात्र जायचंच. ते थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-12 तपासायला सांगतील. औषध दिलं तर गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. चौथ्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडू नकोस. आणि झोप जेमतेम होऊनही अंगात भलताच उत्साह भरलाय असे दिवस कधी आले असतील तर तेही सांग, कारण मग औषध वेगळं लागतं. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय 1901 पासून आहे. त्याच्या नावावरून आपल्याकडे मुलांना चिडवतात, मला त्याचा फार राग येतो. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात तुझ्यासारखी नोकरदार माणसंही येतात.

एक सरळच विचारते, जगूच नये असं वाटतं का? वाटत असेल तर कुठल्याही वेळी मला फोन कर. मी उचलला नाही तर 14416 लाव, टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतं आणि मराठीत बोलता येतं.

आजपासून आठवडाभर एका कागदावर लिही: किती वाजता पडलीस, अंदाजे कधी झोप लागली, कधी उठलीस, चहा किती झाला. तोच कागद डॉक्टरांना दाखवू. शनिवारी मी मोकळी आहे. एकटीने जायला नको वाटत असेल तर सांग, दोघी जाऊ.

तुझी,
मावशी