बसवलेल्या किडनीची सोनोग्राफी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: सोनोग्राफी नॉर्मल आली, तरी क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक) वाढलं म्हणून डॉक्टर बायोप्सी (सुईनं किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणं) सांगताहेत. खरंच गरज आहे?

बहुधा आहे. सोनोग्राफीत दिसते ती नळजोडणी: रक्त नीट येतंय-जातंय का, लघवी तुंबलीय का, भोवती पाणी साठलंय का. रिजेक्शन, म्हणजे शरीरानं नव्या किडनीवर केलेला हल्ला, चालतं पेशींच्या पातळीवर, ते पडद्यावर दिसेलच असं नाही. तेव्हा नॉर्मल रिपोर्टवरून ‘रिजेक्शन नाही’ असं म्हणता येत नाही. नवी किडनी ओटीपोटात, कातडीच्या बरीच जवळ असते. त्यामुळे सोनोग्राफीत बघत सुई घालणं तुलनेनं सोपं जातं.

प्रश्न: डॉपलरमध्ये (रक्ताचा वेग मोजणाऱ्या सोनोग्राफीत) आर.आय. ०.८२ आलाय. इंटरनेटवर वाचून झोप उडालीय.

आधी इंटरनेट बंद करा. हृदय आकुंचन पावताना किडनीतल्या रक्ताचा जो सर्वाधिक वेग असतो, त्यातून प्रसरणाच्या शेवटचा वेग वजा करायचा आणि उत्तराला त्याच सर्वाधिक वेगानं भागायचं. हा झाला आर.आय., म्हणजे रक्तप्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याचा निर्देशांक. तो ०.८ च्या वर गेला की आम्ही सावध होतो, पण कारणं ढीगभर. रिजेक्शन असेल, लघवी तुंबली असेल, ऑपरेशननंतर किडनीनं अजून पुरतं काम सुरू केलं नसेल, रुग्णाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या कडक झाल्या असतील. तपासणाऱ्यानं प्रोब (अंगावर फिरवायचं उपकरण) जोरात दाबला तरी आकडा चढतो! मी एकट्या आकड्यावर विसंबत नाही, मागचे रिपोर्ट शेजारी ठेवून बघते. म्हणून फाइल दर वेळी आणा.

अपवाद एकच. पहिल्या काही दिवसांत प्रसरणाच्या वेळी रक्त उलटं वाहताना दिसलं आणि शिरेतला प्रवाह सापडेना, तर शिरेत गुठळी झाल्याची शंका घ्यावी लागते. मग दुसऱ्या दिवसाची वाट बघत नाहीत.

प्रश्न: ‘सौम्य हायड्रोनेफ्रोसिस’ (लघवी साठून किडनीला आलेला फुगवटा) लिहिलंय, पण दुखत तर काहीच नाही.

न दुखण्यावर जाऊ नका. प्रत्यारोपणात किडनीच्या नसा तुटतात, त्यामुळे लघवी तुंबली तरी कळ येत नाही. उलट, मूत्राशय भरलेलं असलं तर निरोगी नवी किडनीही थोडी फुगलेली दिसते. लघवी करून येऊन पुन्हा तपासून घ्या. फुगवटा तसाच राहिला आणि क्रिएटिनिनही चढत असेल, तर शोध घ्यायलाच हवा.

प्रश्न: दोन महिन्यांनी किडनीशेजारी पाणी दिसलं.

या सुमारास बहुतेकदा लिम्फोसील (लसिकेचा द्रव साठून झालेली पिशवी) निघतं. लहान असेल तर नुसतं लक्ष ठेवतात. मूत्रवाहिनी किंवा शीर दाबली जात असेल तर ते काढावं लागतं.

प्रश्न: जुन्या किडन्या आता तपासायच्या कशाला?

त्या सहसा जागच्या जागीच असतात आणि त्यांत गाठ होऊ शकते. टेबलावर झोपलाच आहात, तर त्याही बघायला सांगा.