कोल्हापुरात घरी समुद्री माशांचा टँक जमेल का? आणि इथं ठेवणारी माणसं कुठं भेटतील?

जमतो, पण खरी मारामारी उन्हाळ्याशी. पाणी २५-२६ अंशांवर राहायला हवं. आमच्या वरच्या मजल्यावर एप्रिलात दुपारी ३१ झालं आणि झोआ (फुलासारखे उघडणारे प्रवाळासारखे जीव) मिटले ते उघडलेच नाहीत. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) परवडत नसेल तर पाण्यावर पंख्याचा वारा सोडा. मग पाणी भराभर उडतं. रोज भर घालायची ती साध्या आरओ पाण्याची, खाऱ्या नव्हे. मीठ उडत नाही, खारटपणा चढत जातो. रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं साधन) विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास ठेवा.

पहिले ४-६ आठवडे टँक माशांविना चालवा. पाण्याच्या चाचणीत अमोनिया, नायट्राइट (दोन्ही माशांना विषारी) शून्य आले की क्लाउनफिशची जोडी सोडा, तीही समुद्रातनं पकडलेली नव्हे, टँकमध्ये पैदास केलेली. लाईट गेली तर बॅटरीवरचा एअरपंप हवाच.

मालवणहून प्रवाळ उचलून आणायचं डोक्यातनं काढा. कठीण प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

माणसांचं म्हणाल तर माशांच्या दुकानात एकच विचारा, "समुद्री मीठ कोण नेतं ओ तुमच्याकडनं?" गोड्या पाण्यातले मासे पाळणारे शंभर असतात, मीठ नेणारे चार-पाचच. दुकानदाराकडं आपला नंबर ठेवून या. मला असाच एक जण भेटला. आता मिठाची बादली आम्ही अर्धी-अर्धी घेतो.