लॅपटॉप रडतखडत चालतोय, दुकानवाले म्हणतात पॅकेज घ्या. घेऊ का?

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. 2020 ला घेतलेला लॅपटॉप, दहाव्या पिढीचा आय फाइव्ह प्रोसेसर, आठ जीबी रॅम, एक टीबीची हार्ड डिस्क, विंडोज 10. सुरू व्हायला सहा-सात मिनिटं लागतात, दोन फायली आणि ब्राउझर एकदम उघडले की गोठतो. तुम्ही घरून भाषांतराचं काम करता, म्हणजे हे यंत्र तुमच्या पोटापाण्याचं आहे. मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानाच्या सर्व्हिस काउंटरवर दाखवलं तर त्यांनी चार ओळींचं कोटेशन हातात ठेवलं. मिस्टर म्हणतात कशाला जुन्यात पैसे घालतेस, नवीन घे, आणि भाचा म्हणतो मावशी मी करतो फुकटात.

तुम्ही पाठवलेले आकडे मी इथे तसेच देत नाही कारण प्रत्येक दुकानात ते वेगळे असणार. त्याच तोडीच्या नव्या लॅपटॉपची किंमत 100 धरू. मग तुमचं कोटेशन असं होतं: तपासणी 3, व्हायरस काढणं आणि ट्यूनअप 10, डेटाचा बॅकअप घेऊन विंडोज नव्याने टाकणं 9, आणि वर्षभराचा प्रोटेक्शन प्लॅन 14. एकूण 36. एसएसडीचं (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) तुम्ही स्वतःहून विचारलंत तेव्हा म्हणाले मजुरीसकट 13 होतील, पण ते नंतर बघू.

हे "नंतर बघू" वाचून मी जरा हसलो, कारण सगळ्या कोटेशनमध्ये तुमच्या दुखण्यावरचं औषध तेवढंच होतं आणि नेमकं तेच यादीत नव्हतं.

आता बिल फोडून बघू. दुसरी ओळ आणि तिसरी ओळ शेजारी ठेवा. विंडोज पुसून नव्याने टाकणार असाल तर आधी त्याच विंडोजमधले व्हायरस काढायचे आणि त्याचं ट्यूनअप करायचं कशाला? भिंत पाडायची ठरलीये आणि आदल्या दिवशी तिला रंग देताय. एका कामाचे दोनदा पैसे आहेत हे, ते 10 तिथल्या तिथे खोडा. काउंटरवरचा मुलगा फसवतोय असं मी म्हणत नाही, बहुतेक वेळा त्याला पॅकेजच विकायला सांगितलेलं असतं आणि पॅकेजमध्ये काय कशाला छेद देतं हे त्यानेही कधी बघितलेलं नसतं.

ट्यूनअप या शब्दावर मी एरवीही खार खाऊन आहे. त्यात होतं काय, तर सुरू होताना आपोआप उघडणारे प्रोग्राम बंद करणं, तात्पुरत्या फायली उडवणं, अपडेट टाकणं आणि एक स्कॅन. पहिलं काम टास्क मॅनेजरमध्ये (कुठला प्रोग्राम किती ताण देतोय हे दाखवणारी विंडोजची खिडकी) स्टार्टअपच्या पानावर जाऊन तुम्ही दहा मिनिटांत करता. स्कॅनसाठी विंडोजमध्ये डिफेंडर हा त्यांचाच अँटिव्हायरस आधीपासून असतोच, त्याचा ऑफलाइन स्कॅन लावून चहाला गेलात तरी चालतं. अमेरिकेत याच प्रकारावरून मोठं प्रकरण झालं होतं. ऑफिस डेपो नावाच्या दुकानांच्या साखळीत पीसी हेल्थ चेक नावाचा फुकट तपासणीचा प्रोग्राम चालवायचे, सुरुवातीला गिऱ्हाइकाला विचारायचे की कॉम्प्युटर हळू झालाय का, मधेच बंद पडतो का, पॉप-अप येतात का, आणि एकाला जरी हो म्हटलं तरी प्रोग्राम मालवेअरची, म्हणजे व्हायरससारख्या घातक प्रोग्रामची, लक्षणं सापडली असं दाखवायचा, मग दुरुस्तीचं पॅकेज पुढे यायचं. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांच्या फसवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, हे आरोप ठेवले आणि 2019 मध्ये ती कंपनी आणि तिला हे सॉफ्टवेअर पुरवणारी सपोर्ट डॉट कॉम, दोघींनी मिळून साडेतीन कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं. तुमच्या दुकानात असंच होतंय असं नाही हं, पण दुकानाच्या तपासणीतून निघालेलं दुखणं विकत घ्यायच्या आधी त्यांनी ते कशावरून ठरवलं हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. नाव काय सापडलं, कुठल्या फायलीत सापडलं, दाखवा म्हणायचं.

तुमचा लॅपटॉप हळू का झाला? मला तर हार्ड डिस्कच वाटतेय. लॅपटॉपमधली साधी हार्ड डिस्क म्हणजे मिनिटाला साधारण 5400 वेळा फिरणारी तबकडी, त्यावर एक सुई हलून जागा शोधते, आणि प्रत्येक शोधाला दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. ऐकायला काहीच नाही, पण विंडोज सुरू होताना अशा हजारो बारीकसारीक फायली वाचतं, वर अपडेट आणि अँटिव्हायरस पाठीमागे तीच डिस्क चाळत असतात. एसएसडीत फिरणारं काही नाहीच, तिला याच्या शंभराव्या हिश्श्याइतकाही वेळ लागत नाही. म्हणून सहा वर्षांच्या लॅपटॉपला एसएसडी बसवली की माणसं म्हणतात नवीनच घेतला की काय. पैसे देण्याआधी खात्री करा, फुकट आहे: टास्क मॅनेजर उघडून लॅपटॉप अडकतो त्या वेळी डिस्कचा आकडा बघा. तो 100 टक्क्यांना चिकटून असेल आणि प्रोसेसर 20-30 वर खेळत असेल तर चोर सापडला. उलट रॅम 90 च्या वर दिसली तर रॅम वाढवता येते का ते विचारा, काही मॉडेलमध्ये ती बोर्डावरच चिकटवलेली असते, मग विषय संपला.

मिस्टरांच्या मुद्द्याकडे येतो, कारण तो चुकीचा अजिबात नाही, फक्त आकडे घालून बघायला हवा. दुरुस्ती महाग की स्वस्त हे मी बिलावरून ठरवत नाही, त्यातून किती वर्षं मिळणार यावर ठरवतो. नवीन 100 चा, पाच वर्षं चालला तर वर्षाला 20. एसएसडी 13 आणि विंडोज टाकणं जास्तीत जास्त 9, म्हणजे 22, त्यातून अजून दोन वर्षं निघाली तरी वर्षाला 11, तीन निघाली तर सात-साडेसात. आणि दुकानाचं 36 चं पॅकेज? जुनी डिस्क तशीच, म्हणजे चार-सहा महिन्यांत परत रडगाणं, आणि मग तुम्ही नवीन घेणारच, मग ते 36 गेलेच की पाण्यात. सोन्यापेक्षा घडणावळ जड म्हणतात ते हेच.

यात एक अट आहे, विंडोजची. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 (बोर्डावरची सुरक्षेची सोय) लागतं, तुमचा दहाव्या पिढीचा आहे, म्हणजे बसतो (टीपीएम कधीकधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, बंद करून ठेवलेलं असतं, ते चालू करायला सांगा). तेव्हा नव्याने टाकायचंच आहे तर 11 टाकायला सांगा, लायसन्सचे वेगळे पैसे द्यायचे नाहीत, तुमच्या मशीनचं लायसन्स मदरबोर्डाला जोडलेलं असतं, नेटला जोडलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं. हाच लॅपटॉप सहाव्या-सातव्या पिढीचा असता तर मी मिस्टरांच्या बाजूने बोललो असतो. मदरबोर्ड गेला असता किंवा स्क्रीन आणि बॅटरी दोन्ही एकदम गेले असते तरीही.

आता बॅकअपवाले 9. इथे तुम्हाला बरंच वाचवता येईल आणि त्याहून मोठं म्हणजे तुमच्या क्लायंटच्या फायली परक्या हातात जायच्या वाचतील. कॅनडातल्या गुएल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी 2022 मध्ये मुद्दाम तयार केलेले लॅपटॉप दुरुस्तीला दिले आणि नंतर आतले लॉग, म्हणजे काय काय उघडलं याच्या नोंदी, तपासल्या, तर सहा ठिकाणी टेक्निशियनने मालकाचा खाजगी डेटा उघडून बघितलेला निघाला, त्यातल्या दोन ठिकाणी तर तो बाहेरच्या साधनावर कॉपी केलेला. तुमच्याकडे लोकांचे करार, मेडिकल रिपोर्ट भाषांतराला येतात. तर युक्ती अशी, नवी एसएसडी बसवून तिच्यावर कोरं विंडोज टाकायला सांगायचं आणि जुनी डिस्क न उघडता काढून तुमच्या हातात परत द्यायला सांगायची. कोऱ्या विंडोजला तुमचा पासवर्ड लागत नाही, मागितला तर कशाला ते विचारा. बॅकअपचं काम त्यांच्याकडे राहिलंच नाही, त्यामुळे 9 मधले निम्मे तरी कमी व्हायला हवेत, घासाघीस करा. जुनी डिस्क एका यूएसबी केसिंगमध्ये (डिस्क बाहेरून जोडायची डबी) घातली की घरी बसून फायली काढता येतात. फक्त त्याआधी सेटिंगमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (डिस्कवरच्या फायलींना लागणारं कुलूप) चालू आहे का बघा, असेल तर रिकव्हरी की लिहून ठेवा, नाहीतर डिस्क हातात आणि कुलूप बंद, असं होईल.

प्रोटेक्शन प्लॅनवर मी जरा मोकळेपणाने बोलतो कारण मी स्वतः यात पोळलोय. लोकांना पैशाचे सल्ले देणारा मी, एका दुकानात प्रिंटरबरोबर असाच सपोर्ट प्लॅन घेतला, कार्डावर ऑटो रिन्यूअल लागलं, दोन वर्षं पैसे जात राहिले आणि मी त्यांना एकदाही फोन केला नाही. तिसऱ्या वर्षी बायकोने स्टेटमेंट वाचताना विचारलं हे काय आहे, तेव्हा कळलं. असो. विमा कशाचा काढायचा, तर जे नुकसान झालं तर आपण उभे राहू शकत नाही त्याचा. हॉस्पिटल, घर, कमावतं माणूस. लॅपटॉप बिघडला तर त्रास होतो, कंबरडं मोडत नाही. आणि अशा प्लॅनमध्ये बहुतेक सॉफ्टवेअर सपोर्ट असतो, पडणं, पाणी सांडणं, सुटे भाग हे बाहेर, डेटा गेला तर जबाबदारी नाही हे बारीक अक्षरात. तुमच्या प्लॅनमध्ये काय आहे ते कागद मागून वाचा. माझा अंदाज, वाचल्यावर तुम्हीच नको म्हणाल. दुकानं हे इतक्या चिकाटीने का विकतात तेही लक्षात घ्या, लॅपटॉप विकून त्यांना फार थोडं सुटतं, सर्व्हिस आणि वाढीव वॉरंटीवर बऱ्यापैकी सुटतं.

ते 14 बाजूला टाका आणि एक वेगळं खातं किंवा रिकरिंग डिपॉझिट लावा, महिन्याला पावणेदोन टाकत गेलात तर पाच वर्षांत नव्या लॅपटॉपचे पैसे तयार, तुम्हाला तर तीनेक वर्षांतच लागतील तेव्हा पावणेतीन टाका. फ्रीलान्सरला हप्त्यावर लॅपटॉप घ्यायची वेळ येऊच नये असं मला वाटतं, काम कमी असलेल्या महिन्यात तोच हप्ता बोचतो. बिलं जपून ठेवा, यंत्र धंद्याचं आहे, दुरुस्ती खर्चात धरता येते का ते तुमच्या कर सल्लागाराला विचारा.

म्हणजे दुकानात जाऊच नये का? तसं नाही. स्क्रीन, बिजागरी, चार्जिंगचा पोर्ट, फुगलेली बॅटरी, ही हातकामं आहेत, तिथे पैसे द्यावेत आणि बॅटरी फुगली असेल तर भाच्याला हातसुद्धा लावू देऊ नका. मोठ्या दुकानाचा फायदा म्हणजे पावती मिळते, भागावर लेखी वॉरंटी मिळते, आणि बिघडवलं तर भांडायला पत्ता असतो. एसएसडीचं काम तसं सोपं आहे, भाच्याने याच मॉडेलचं किंवा असंच झाकण आधी दोन-चारदा उघडलं असेल तर बिनधास्त द्या, मजुरी वाचेल. पण "यूट्यूबवर बघून करतो" असं उत्तर आलं तर हिशोब असा करा की त्याचा रविवार फुकट असला तरी तुमचा सोमवार-मंगळवार फुकट नाहीये, दोन दिवस काम बंद राहिलं तर किती बुडतं ते तुम्हाला माहितीये, मजुरी बहुधा त्याहून कमीच निघेल.

तेव्हा काउंटरवर जाऊन एवढंच म्हणा: ट्यूनअप नको, प्लॅन नको, एसएसडी बसवा, विंडोज 11 कोरं टाका, जुनी डिस्क परत द्या, आणि काम तुमच्याकडेच देतेय तर तपासणीचे 3 बिलातून वजा करा. बरीच दुकानं करतात वजा, विचारल्याशिवाय मात्र करत नाहीत. 20 च्या आत बसायला हवं. वाचलेल्या पैशातून एक बाहेरची डिस्क घ्या, कारण केसिंगमधली जुनी डिस्क सहा वर्षं घासलेली आहे, एकट्या तिच्यावर भरवसा ठेवू नका.

आणि दुकानात जायच्या आधी क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्राम चालवून डिस्कची तब्येत बघा. निळं "गुड" आलं तर सावकाश पुढच्या आठवड्यात जा. पिवळं "कॉशन" आलं तर वरचं सगळं बाजूला ठेवा, लॅपटॉपवर दुसरं काहीही न करता आज रात्रीच क्लायंटच्या फायली दुसरीकडे कॉपी करा, आणि कॉपी करताना डिस्कमधून टकटक आवाज यायला लागला तर तिथेच बंद करून मला कळवा, कारण मग काम दुकानाचं राहत नाही, डेटा रिकव्हरीच्या लॅबचं होतं आणि त्याचा हिशोब या 100 च्या मापात बसत नाही.