सोलकढी आदल्या रात्री करू नकोस

तुझा मेसेज वाचला. कोकणातून कोकमाच्या बाटल्या आणल्या आहेस, शनिवारी बारा माणसं जेवायला, आणि रात्री करून ठेवलेली सोलकढी सकाळी फ्रिजमधून काढली तर वर कणीदार थर, खाली गुलाबी पाणी. आता विचारतेस, आगळ कमी घालू की तयार नारळदूध आणू? दोन्ही नको. आदल्या रात्री करू नकोस, एवढंच.

नारळाच्या दुधातली चरबी साधारण २४ अंश सेल्सिअसखाली गोठते. फ्रिजमध्ये तिच्या कण्या होणारच, आणि कितीही घुसळलंस तरी पहिली मऊ चव येत नाही. कण्या विरघळाव्यात म्हणून गरम करशील, तर आंबटामुळे दूध फाटेल. ठेचलेला लसूणही रात्रभरात उग्र होतो. म्हणून ताटं मांडायच्या तासभर आधी कर. त्याआधी नाही.

आधी बाटली नीट बघ. अमृत कोकम म्हणजे साखरेतला पाक, सरबताचा. आगळ म्हणजे रतांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, मीठ घातलेला रस. घटकांत साखर दिसली, तर ती बाटली पाहुणे आल्या आल्या द्यायच्या सरबताला ठेव. सोलकढीत तिचा एक थेंबही नको. आगळ नसेलच तर एका नारळाला दहा-बारा आमसुलं कपभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजव आणि कुस्कर. रंग फिका येईल. येऊ दे, बीट घालू नकोस!

बारा जणांना तीन मोठे नारळ. खवताना करवंटीलगतची तपकिरी साल येऊ देऊ नकोस, रंग मळतो. एका नारळाच्या चवाला एक कप कोमट पाणी, बोट सुखाने बुडेल इतकंच कोमट. उकळतं ओतलंस किंवा मिक्सर सलग फिरवत राहिलीस तर तूप सुटल्यासारखे तेलाचे ठिपके वर येतात. थांबून थांबून फिरव, पंच्यातून घट्ट पिळ. मग दीड कप पाणी घालून दुसरं दूध काढ. त्याच वेळी नारळामागे तीन-चार लसणीच्या पाकळ्या आणि एक हिरवी मिरची वाट.

दूध पातेल्यात, आगळ वरून. नारळामागे तीन मोठे चमचे घाल, ढवळ, चाख, मग पुढचा चमचा. प्रत्येक बाटलीचा आंबटपणा वेगळा, त्यामुळे माझं माप तुझ्या बाटलीला लागू होईलच असं नाही. मीठ सगळ्यात शेवटी, कारण आगळात ते असतंच. खारट झाली तर उपाय एकच, आणखी नारळ. पातेलं स्टीलचं घे. तांब्या-पितळेत किंवा ॲल्युमिनियममध्ये आंबट ठेवू नये.

मला हट्टी म्हणतात. म्हणू देत. पाहुणे आल्यावर ओट्याशी उभं राहावं लागू नये म्हणून सगळं उरकून ठेवायचा मोह मला ठाऊक आहे. त्या मोहापायी किती जेवणं खराब केली, याचं अजून वाईट वाटतं. उरकायचंच असेल तर खोबरं आदल्या दिवशी खवून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेव, लसूण सोलून ठेव, पेले पुसून ठेव. दूध मात्र काढू नकोस. आणि पेल्यात बर्फ टाकू नकोस, पाणचट होते आणि त्याच कण्या धरते. माठातलं पाणी घातलं तरी पुरेशी गार लागते.

वाढताना डाव प्रत्येक वेळी तळापासून फिरव, नाहीतर पहिल्याला साय आणि शेवटच्याला नुसतं आंबट पाणी जाईल.